कॉफीचा डिजिटल काटा लहरी वागतोय? खानदेशातून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शहादा, नंदुरबार. चहाच्या या मुलखात घरी बिया दळून कॉफी करणारे आता गावोगावी आहेत, आणि त्यांचे काट्याबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. बहुतेक काटे बिघडलेले नसतातच. जागा, सेल, ऊन किंवा वारा यांतलं काहीतरी त्यांना छळत असतं. म्हणून काटा उघडण्याआधी किंवा फेकण्याआधी हे वाचा. उत्तरं सुटी वाचता येतील. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. काटा खरंच बिघडलाय का, हे आधी कसं ओळखू?

"काटा चुकतो" या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात. पहिला, काटा रिकामा असतानाच शून्य सुटतं: ०.०, ०.३, –०.२ असं चालू राहतं. दुसरा, तीच वस्तू तीनदा ठेवली की तीन आकडे येतात. तिसरा, दर वेळी एकच आकडा येतो, पण तो खरा नसतो. पहिल्यामागे बहुधा वारा, उष्णता, ओल किंवा सेल असतो. दुसऱ्यामागे ओटा, प्लेटखाली अडकलेला कण किंवा दुखावलेला लोडसेल, म्हणजे वजन जोखणारी आतली पट्टी. फक्त तिसऱ्याला कॅलिब्रेशनचा, म्हणजे ठाऊक वजन ठेवून काट्याला खरा आकडा पुन्हा शिकवण्याचा, उपाय चालतो. उरलेल्या दोघांवर कॅलिब्रेशन केलंत तर चूक पक्की होऊन बसते.

तपासायला एक स्टीलची वाटी घ्या. काटा सुरू करून दोन मिनिटं तसाच राहू द्या, मग वाटी मधोमध ठेवा, आकडा लिहा, उचला, शून्य आलं का बघा, पुन्हा ठेवा. असं पाच वेळा करा. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर शेवटचा अंक एकाने मागेपुढे झाला तर तो दोष नाही, कारण आतला आकडा जवळच्या अंकावर आणूनच दिसतो. पण १५ ग्रॅमच्या कॉफीत एका ग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास सात टक्के. तेवढ्यात चव बदलते.

२. सेल नवीन टाकला तरी आकडा नाचतो. मग सेलचा दोष नाही ना?

"नवीन" म्हणजे पाकिटातून आत्ता काढलेला, एवढंच. दुकानात उन्हाच्या बाजूला वर्षभर टांगलेला बटन सेलही पाकिटात नवाच दिसतो. मल्टीमीटर असेल तर मोजा: ३ व्होल्टचा ताजा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो. पण नुसतं एवढ्यावर विसंबू नका. जुना सेल रिकाम्यात तीन दाखवतो आणि डिस्प्लेचा दिवा लागला की कोसळतो. काट्याचा दिवा लागताना शून्य उडी मारत असेल तर सेल बदला.

पेन्सिल सेलच्या काट्यात रिचार्जेबल सेल घातले असतील तर ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. काही काटे त्यावर नीट चालतात, काही लगेच "एलओ" (सेल उतरला) दाखवतात. शिवाय सेलच्या पत्र्यावर हिरवा-पांढरा थर आला असेल तर खोडरबराने घासून काढा. नुसता सेल फिरवून काम भागवू नका.

आणि एक गंभीर गोष्ट. काढलेले बटन सेल ओट्यावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका थोड्याच तासांत भाजते. काढला की त्याला चिकटपट्टी गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

३. ओटा तर ग्रॅनाइटचा, एकदम पक्का आहे. तरी जागेचा दोष असू शकतो?

असू शकतो. ग्रॅनाइट सपाट असतो, पण ओटा बहुतेक घरांत सिंककडे किंचित उतरता केलेला असतो, पाणी वाहून जावं म्हणून. उतार जिथे बदलतो तिथे काट्याच्या चार पायांपैकी एक अधांतरी राहतो. काट्याचे समोरासमोरचे कोपरे बोटाने आळीपाळीने दाबा. डुगडुगला तर जागा बदला. पायांचं रबर एखादं गळून पडलेलं असतं, तेही बघा.

मग ओट्याचा थरकाप. शेजारी मिक्सर चालू असेल, कुणी खलबत्त्यात शेंगदाणे कुटत असेल, वॉशिंग मशीन पिळत असेल तर आकडा स्थिर होणारच नाही. भुसावळहून रेल्वे लाइनीजवळ राहणारे लिहितात की मालगाडी गेली की काटा वेडा होतो. तो वेडा होत नाही, तो खरंच हादरा मोजतो. गाडी जाऊ द्या.

४. उन्हाळ्यात कूलर लावला की शून्य टिकतच नाही. हे काय?

कूलरचा झोत प्लेटवर दाब देतो, आणि झोत एकसारखा नसल्यामुळे आकडा वरखाली होतो. ०.१ ग्रॅम म्हणजे भाजलेल्या कॉफीच्या एका दाण्याएवढं वजन. त्यापुढे कूलरचा वारा फार मोठा. सराफाच्या दुकानात नाजूक काटा काचेच्या पेटीत का असतो, ते यावरून कळेल.

कूलर बंद करायचा नसेल, आणि मे महिन्यात कोण करणार, तर काटा भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन पुठ्ठ्याच्या खोक्याची तीन बाजूंची आडोसा-पेटी करा. छताच्या पंख्याचंही तेच. आडोसा करूनही शून्य सरकत असेल तर पुढचं उत्तर वाचा.

५. "मना काटा सकाळी येक आकडा दखाडस, दुपारी दुसरा." ऊन्हाचा काही संबंध?

थेट संबंध. आणि हा प्रश्न आपल्याकडे इतका महत्त्वाचा आहे की जरा सविस्तर सांगतो.

काट्याच्या पोटात बोटाएवढी अॅल्युमिनियमची पट्टी असते, मध्ये भोकं पाडलेली. तिच्यावर केसासारख्या तारेची नक्षी असलेली चार पातळ पानं चिकटवलेली असतात, वर पांढऱ्या गोंदाचा थर. वजन ठेवलं की पट्टी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, पानांतली तार ताणली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो. पूर्ण दोन किलो ठेवले तरी त्यातून निघणारा संकेत काही मिलीव्होल्टच असतो. ०.१ ग्रॅम म्हणजे त्याचा वीस हजारावा भाग. एवढ्या बारीक संकेतात उष्णतेची ढवळाढवळ सहज होते: तापलेलं अॅल्युमिनियम तेवढ्याच वजनाला किंचित जास्त वाकतं, तारांचा रोधही बदलतो. कारखान्यात याची भरपाई केलेली असते, पण घरगुती काट्यांच्या माहितीपत्रकावर वापराची मर्यादा बहुधा ४० अंशांपर्यंतच लिहिलेली असते. जळगाव-भुसावळचा मे महिना ४३-४५ अंशांचा. पत्र्याच्या छपराखालचं स्वयंपाकघर त्याहून तापतं.

मर्यादेत राहूनही घोळ होतो तो तापमान बदलत असताना. एसीच्या खोलीतून काढून लगेच ओट्यावर ठेवलेला काटा, किंवा उकळत्या पाण्याची किटली थेट ज्याच्या प्लेटवर ठेवली तो काटा. पट्टीचं एक टोक गरम, दुसरं थंड, आणि शून्य सरकत राहतं. उपाय सोपे: काटा जिथे वापरायचा तिथेच ठेवा, हलवलाच तर अर्धा तास थांबा, गरम भांड्याखाली बुचाची किंवा सिलिकॉनची चकती घाला. चकती प्लेटच्या कडेबाहेर जाऊन अंगाला टेकता कामा नये. आणि उन्हाळ्यात कॉफीचं मोजमाप सकाळी उरकून डब्या भरून ठेवा. मी स्वतः तेच करतो.

६. पाणी अगदी बारीक धारेने ओतलं तर आकडा वाढतच नाही. पाणी तर जातंय!

हा दोष नाही, काट्याची सवय आहे. शून्य आपोआप सावरण्यासाठी आत एक सोय असते: फार हळू होणारा बदल म्हणजे उष्णतेचं सरकणं, असं समजून काटा तो गिळून टाकतो. थेंब थेंब पाणी किंवा एकेक दाणा टाकलात की तुमचं वजनही तो गिळतो. विशेषतः शून्य केल्याबरोबर लगेच थेंबाथेंबाने सुरुवात केली तर.

ओळखायचं कसं: शून्य करा, दाणे एकेक करून वीसेक टाका, आकडा बघा. मग वाटी उचलून पुन्हा ठेवा. आता आकडा वाढलेला दिसला तर हीच गोष्ट आहे. दाणे वाटीत एकदम घाला आणि मग ठेवा. ओतताना पहिली धार जरा ठळक सोडा. कॉफीसाठी बनवलेल्या काट्यांत ही सोय सौम्य केलेली असते किंवा बंद करता येते. सोनं किंवा मसाले मोजायच्या खिशातल्या काट्यांत सहसा नाही.

७. कॉफी गळत असतानाच काटा बंद पडतो.

सेल वाचवण्यासाठी दोन-तीन मिनिटांनी आपोआप बंद होण्याची वेळ लावलेली असते. काही काट्यांत ती वाढवता येते, पुस्तिकेत बघा. नसेल तर मधूनमधून थोडं पाणी ओता. आकडा बदलला की वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. डिस्प्ले आधी फिका पडून मग बंद होत असेल तर मात्र प्रश्न २.

८. घरी वजनाचे ठोकळे नाहीत. नाण्यांनी तपासता येईल?

तपासायला उत्तम, कॅलिब्रेशनला नाही. सध्याच्या मालिकेतलं १० रुपयांचं नाणं ७.७४ ग्रॅम, २० रुपयांचं ८.५४ ग्रॅम, ५ रुपयांचं ६.७४ ग्रॅम. जुनं दहाचं ७.७१ ग्रॅम. नाणी झिजतात, तेल-मळ धरतात, म्हणून एका नाण्यावर निकाल देऊ नका; स्वच्छ धुतलेली, एकाच मालिकेतली दहा घ्या.

नाण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. रिकाम्या काट्यावर एक नाणं ठेवून आकडा बघा. मग काट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवा, शून्य करा आणि तेच नाणं पेल्याशेजारी ठेवा. तोच आकडा यायला हवा, फार तर शेवटचा अंक हलेल. भाराखाली ७.७ चं ७.३ झालं तर काटा सरळ रेषेत मोजत नाही. त्याला कॅलिब्रेशनने बरं करता येत नाही. प्रश्न ११ पाहा.

९. कॅलिब्रेशन नेमकं कसं करायचं? आणि १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम धरून केलं तर?

पाण्याचं आधी सांगतो. ४ अंशाला १ मिलिलिटर पाणी १ ग्रॅम असतं. ३० अंशाला तेच ०.९९६ ग्रॅम, ४० अंशाला ०.९९२. म्हणजे आपल्याकडच्या माठाबाहेरच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे अर्धा-पाऊण ग्रॅम तसाच जातो, आणि मोजपात्राच्या खुणेची चूक त्याहून मोठी असते. पाण्याने कॅलिब्रेशन करू नका.

काट्यासोबत कोणतं वजन लागतं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, बहुतेक १००, २०० किंवा ५०० ग्रॅम. तेवढंच लागतं, जवळपासचं चालत नाही. एम-१ या अचूकतेच्या दर्जाचा १०० ग्रॅमचा ठोकळा फार तर ५ मिलिग्रॅमने मागेपुढे असतो. कॉफीला तो भरपूर झाला. सकाळच्या गारव्यात, वारा बंद करून, काटा पाच मिनिटं चालू ठेवून करा. बहुतेक काट्यांत एक बटन दाबून धरलं की "सीएएल" येतं, मग हव्या त्या वजनाचा आकडा लुकलुकतो, ठोकळा मधोमध ठेवायचा आणि हात बाजूला घ्यायचा. कोणतं बटन, ते प्रत्येक काट्याचं वेगळं असतं, तेव्हा अंदाजाने दाबत बसू नका. ठोकळा बोटांनी न धरता कागदाने धरा.

ठोकळा विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या सराफाला विनंती करा. जळगावच्या सराफ बाजारात मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारे काटे दुकानोदुकानी आहेत. घरातली एखादी स्टीलची जड वस्तू, उदाहरणार्थ पाना किंवा मोठा नट-बोल्ट, तिथे मोजून त्यावर चिकटपट्टी न लावता वहीत वजन लिहून ठेवा. ती तुमची कायमची तपासणीची वस्तू झाली. फक्त दिवाळी-अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत जाऊ नका.

१०. १५ ग्रॅम टाकले तर ०.५ दाखवतो. पूर्णच गेला ना?

नाही, एकक बदललं आहे. १५ ग्रॅम म्हणजे ०.५३ औंस. "ओझेड" असं दिसतंय का बघा आणि एककाचं बटन दाबत "जी" वर या. खिशातल्या काट्यांवर "टीएल" असतं. ते आपला तोळा समजून अनेकजण वापरतात. ते बहुतेकदा टेल हे पूर्वेकडचं माप असतं, सुमारे साडेसदतीस ग्रॅमचं. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा.

११. मध्ये ठेवलं तर १००, कोपऱ्यात ठेवलं तर ९८. असं का?

आधी प्लेट उचला. कॉफीचा एखादा कण किंवा साखरेचा खडा प्लेट आणि अंगाच्या फटीत अडकला की त्या बाजूचा भार पट्टीपर्यंत पोचतच नाही, तो कणावरून थेट खाली जातो. मऊ ब्रशने फट साफ करा, प्लेट नीट बसवा, पुन्हा चार कोपऱ्यांवर तेच वजन ठेवून बघा.

साफ करूनही फरक राहिला तर पट्टी कायमची वाकलेली असण्याची शक्यता मोठी. कारण बहुतेक वेळा एकच: काटा कपाटात आडवा ठेवून त्यावर डाळीचे डबे रचलेले. दोन किलोचा काटा, वर पाच किलोचा डबा, तोही महिनोन् महिने. धातू एका मर्यादेपर्यंत मूळ जागी परत येतो, त्यापुढे येत नाही. काटा उभा करून, मोकळा ठेवा. प्लेट पुसताना दाब देऊ नका.

१२. काट्यावर कॉफी सांडली, आत गेली. तांदळात ठेवू का?

तांदळाने काही साधत नाही, उलट पीठ आणि दाणे फटीत जातात. लगेच सेल काढा, काटा पालथा करा, खालचे स्क्रू काढता येत असतील तर उघडून पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवा. उन्हात ठेवू नका: आपल्या उन्हात डिस्प्ले काळा पडतो आणि पट्टीवरचा गोंद मऊ होतो. दूध-साखरेची कॉफी असेल तर नुसतं वाळवून भागत नाही. चिकट थर आतल्या सर्किटच्या पटलावर राहतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि शून्य कायम सरकत राहतं. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पटल पुसा. पट्टीवरच्या पांढऱ्या गोंदाला मात्र हात लावू नका.

गोडाच्या मागे मुंग्या येतात. शून्य अधूनमधून विनाकारण हलतं आणि काट्याच्या खाली बारीक माती दिसते, असं असेल तर उघडाच. आत कीटकनाशक फवारू नका, त्याचा थर मुंग्यांपेक्षा वाईट.

१३. चार्जिंगला लावलेला असताना आकडा थरथरतो. काढला की ठीक.

तर मग चार्जिंगला लावून मोजू नका, एवढंच उत्तर पुरेसं आहे. स्वस्त दोन-पिनी चार्जरमधून थोडी गळती येते, त्यात घराचं अर्थिंग कमकुवत असलं किंवा लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू असला की गोंगाट वाढतो. चालू इंडक्शन शेगडीच्या अगदी शेजारी आणि काट्याला चिकटून ठेवलेला मोबाइल, यांनीही तसाच त्रास होतो. हातभर दूर ठेवा.

१४. प्लॅस्टिकच्या डबीत मोजलं की आकडा सरकतो, स्टीलच्या वाटीत नाही.

स्थिर वीज. फेब्रुवारी ते मे आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर-चादरीतून ठिणग्या निघतात; दळलेली कॉफी आणि प्लॅस्टिक दोन्ही भारित होतात आणि प्लेटच्या आजूबाजूच्या भागांशी ओढाताण करतात. स्टीलची वाटी वापरा. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून ढवळलं तर कॉफी डब्याला चिकटणंही थांबतं.

१५. आमचं बोअरचं पाणी फार क्षाराचं आहे. त्याने वजन जास्त येतं का?

लिटरमागे १००० मिलिग्रॅम क्षार असले तरी लिटरला ग्रॅमभराच्या आसपासच फरक, म्हणजे एका कपाला पाव ग्रॅम. मोजण्यात तो दखल घेण्याजोगा नाही, चवीत मात्र फार मोठा आहे. काट्याला त्रास होतो तो उडालेल्या थेंबांचा: वाळून फटीत पांढरा थर धरतात आणि प्लेट अडकते (प्रश्न ११).

१६. मी बिया भाजून ओळखीच्या लोकांना वजनाने विकतो. हाच काटा चालेल?

नाही. वजनावर पैसे घेतले की तो व्यापार, आणि वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ लागू होतो. त्यासाठी मान्यताप्राप्त नमुन्याचा, शिक्का मारलेला काटा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. असा शिक्क्याचा काटा चुकायला लागला तर प्रश्न ९ आणि १२ मधले उपाय त्यावर करू नका. सील तुटलं की पडताळणी गेली. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या. घरातल्या कपापुरता मोजणाऱ्यांना यातलं काही लागू नाही.

१७. तोरणमाळला नेला तर काटा कमी दाखवेल का? उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असतं ना?

कमी असतं आणि काटा कमीच दाखवेल, पण किती ते बघा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर, तोरणमाळ हजार मीटरच्या वर. एवढ्या फरकाने १०० ग्रॅममागे दोन-तीन शतांश ग्रॅम जातात. ०.१ च्या काट्याला ते दिसणारच नाहीत. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत गेलात तर अर्धा टक्का फरक पडतो, म्हणून दूरदेशी कॅलिब्रेट झालेला काटा इथे आल्यावर एकदा तपासावा. तोरणमाळला कॉफी वेगळी लागली तर कारण पाण्यात शोधा: तिथे ते ९६ अंशांच्या आसपासच उकळतं.

१८. सगळं करून झालं. आता दुरुस्ती की नवा?

डिस्प्लेची वायर, सेलचे पत्रे, बटन, गळालेले पाय: हे सगळं गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवालाही करू शकतो, जरूर करून घ्या. लोडसेल पट्टी गेली असेल तर तीच क्षमता, तेच माप आणि चार तारांचा तोच क्रम जुळवून नवी बसवता येते, त्यानंतर कॅलिब्रेशन अटळ. स्वस्त काट्याला हा खर्च परवडत नाही, महागाला परवडतो.

नवा घेताना नाणं आणि पाण्याची छोटी बाटली खिशात घेऊन जा. दुकानातच चार कोपरे बघा, बाटली ठेवून शून्य करून नाणं टाका (प्रश्न ८), आणि माहितीपत्रकावर वापराचं कमाल तापमान वाचा. ४० अंशांवर थांबणाऱ्यापेक्षा ५० पर्यंत चालणारा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तोच घ्या.